निळ्या माना

इस्लामपुरात बसस्थानकामागं क्रांतीचा शिवणखाना होता. सहा मशिनी, सहा बायका. नवरा जोतीराम फौजेत, जोधपूरला. क्रांतीनं शिवलेला गणवेश पोराला तोकडा होईल, पण उसवणार नाही, अशी ख्याती होती.

त्या वर्षी एका शाळेच्या दोनशे चाळीस गणवेशांचं काम मिळालं. कापड सांगलीच्या भाऊसो नावाच्या व्यापाऱ्यानं द्यायचं ठरलं. करारात लिहिलं होतं, कापड नामांकित गिरणीचं, पक्क्या रंगाचं. माल आला तेव्हा किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं होतं. क्रांतीनं गणवेश वेळेत पोचते केले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनात भुरभुर लागली. भाषणं संपेस्तोवर सगळ्या पोरांच्या माना निळ्या झाल्या. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच असणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

क्रांती ओला शर्ट घेऊन सांगलीला गेली. भाऊसोनं तो दोन बोटांत धरून पाहिला. "ताई, पावसात रंग जायाचाच. पाऊस काय माझा हाय?"

तिनं दुसरीकडून कापड आणलं आणि सगळे गणवेश फुकट शिवून दिले. बायकांनी त्या खेपेची मजुरी मागितली नाही. मग ती माया वकीलबाईंकडं गेली. त्यांनी समजावलं, नुसता माल वाईट निघणं वेगळं आणि ठाऊक असून खोटं नाव लावणं वेगळं. ती फसवणूक. पण त्याला ठाऊक होतं, हे दाखवावं लागेल.

"त्यो कबूल करंल व्हय?"

"नाही. पण त्याला बोलू द्या."

भाऊसो चार वर्षं बोलला. आधी इस्लामपूरचं पाणी जड निघालं, मग साबण वाईट, मग पोरांना घामच फार. शेवटी, आपल्याला या सौद्यात काहीच सुटलं नाही, तर भरपाई कसली, हे पटवायला त्यानं आपणहून खरेदीची बिलं कोर्टात दिली. तिसऱ्या बिलावर 'दुय्यम कापड' लिहिलं होतं आणि खाली 'किनारीवर नाव छापण्याची मजुरी'. वकीलबाईंनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. भाऊसोचे वकील खिडकीबाहेर बघू लागले.

न्यायाधीशांनी क्रांतीला नुकसान विचारलं. कापड आणि शिलाईचे कागद होते. आणखी दोन शाळांचं काम सुटलं होतं, पण साक्षीला एकच मुख्याध्यापक आले.

"आणखी काही?"

"मान घासताना पोरं रडली, साहेब. त्यांच्या आया मला बघून रस्ता बदलत्यात."

"याची पावती नसणार."

"न्हाई."

फसवणूक शाबीत झाली. कापड, शिलाई आणि एका शाळेचं नुकसान व्याजासकट मिळालं. बाकी मागणी फेटाळली. भाऊसोनं दोन हप्त्यांत पैसे दिले आणि दुसऱ्या हप्त्याला, यंदा कापड लागणार का, असंही विचारून घेतलं.

त्याच दुपारी क्रांतीनं बायकांची राहिलेली मजुरी हातावर ठेवली. फोनवर जोतीरामनं विचारलं, जिंकलीस का?

"निम्मं," ती म्हणाली, आणि जेवला का ते विचारलं.