भाव चढवणारे साडभाऊ

जगात वाईट अशी एकही वस्तू ज्याला सापडली नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. दुसऱ्या कुणाचा असता तर मीही त्याला देवमाणूस म्हणून मोकळा झालो असतो. पण मी पडलो व्यापारी. डोंगरातले वोज कारागीर ओततात ते पितळेचे दिवे, घंटा, मोर विकत घ्यायचे आणि आदिलाबादच्या पेठेत नाहीतर पैनगंगेपलीकडं पांढरकवड्याला नेऊन विकायचे, हा माझा धंदा. डोक्यावर गाठोडं घेऊन सुरुवात केली, मग सायकल आली, मग दुकान. कुणी बोटभर आधार दिला नाही. जे मिळवलं ते या जिभेच्या जोरावर, आणि त्या जिभेवर पाणी ओतायचं काम साडभाऊंनी इमानेइतबारे केलं.

साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, उटनूरच्या तहसिलीत मोहरीर होते. कारकुनाला तेव्हा तसंच म्हणत. बाजाराच्या दिवशी कचेरीला कुठलीतरी सबब सांगून ते माझ्याबरोबर निघायचे, आणि मी नातं सांभाळायचं म्हणून त्यांना नेत असे. आता घासाघिशीचा पहिला नियम असा, की वस्तू कितीही आवडली तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं ठेवायचं. एकदा एका वोज बाईजवळ मोर बसवलेला दिवा पाहिला. असा दिवा मी पुन्हा पाहिला नाही. मी तो उलटा केला, सुलटा केला, नाक मुरडलं. म्हटलं, "मान वाकडी हाये बाई याची." बाईचा चेहरा पडला. आणखी दोन खोडी काढल्या असत्या तर दिवा माझा होता. एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अहाहा! मान तर पाहा साडभाऊ! आता बोलते का मंग बोलते, असा मोर हाये! मेणाची दोरी किती बारीक वळली असंल या बाईनं!" बाईनं दिवा माझ्या हातातून काढून घेतला, लुगड्याच्या पदरानं पुसला आणि म्हणाली, "आता नाई देत मी." मी रस्त्यातच ओरडलो, "तुमी माह्या बाजूचे का तिच्या?" साडभाऊ शांतपणे म्हणाले, "मी मोराच्या बाजूचा."

वोज लोकांच्या अंगणात हा माणूस तासन्‌तास उकिडवा बसे. मातीचा गोळा, त्यावर मेणाच्या सुतासारख्या दोऱ्यांचं वेटोळं, वरून पुन्हा माती, मग मेण वितळवून त्याच्या जागी रटरटतं पितळ ओतायचं आणि शेवटी साचा फोडायचा, यातली एकेक पायरी ते अशी पाहत की जणू सरकारनं त्यांना त्याचाच पगार दिला आहे. एकदा त्यांनी हट्टानं स्वतः एक बैल केला. साचा फोडल्यावर सगळे वाकून पाहू लागले. शेवटी कारागिराची म्हातारी आई म्हणाली, "कासव साजरं झालं." दुसरा कुणी असता तर रागावला असता. साडभाऊंनी तो बैल नीट न्याहाळला आणि म्हणाले, "खरंच की! कासव म्हणून लयच साजरं झालं."

निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील झालं तेव्हा उटनूरचे एक साहेब सामानसुमान विकून हैदराबादला निघाले. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. साडभाऊंना तो हवा होता, म्हणून सौदा करायला मला नेलं. मी रेडिओला टिचकी मारली, तोंड वाकडं केलं, साहेबांच्या घाईचा अंदाज घेतला आणि किंमत बरोबर अर्ध्यावर आणली. साहेब रेडिओ उचलून देणार तोच हे म्हणतात, "साहेब, सात समुंदरपार का गाना इसमें आता है, और आधे में दे रहे हो? दिल नहीं दुखता?" साहेबांचं मन दुखलं. इतकं दुखलं की ते पुन्हा पहिल्या किमतीवर गेले आणि साडभाऊंनी ती हसत दिली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते रेडिओ ऐकत होते.

मग दिवाळीच्या दिवसांत दंडारी आली. तेव्हा गोंडांच्या गावागावांतून नाचाचे ताफे निघतात. अंगाला राख, गळ्यात माळा, डोक्यावर मोरपिसांचे एवढाले टोप घातलेले गुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. साडभाऊ बैलगाडीतून रेडिओ घेऊन अशा गावी गेले, मोहाच्या झाडावर तार चढवली आणि जाहीर केलं, "आज तुमचे पाहुणे लय दुरून आले हायेत." कुठलासा अरबी गवई गायला. आफ्रिकेतले कुठलेसे ढोल वाजले. मंडळींनी पाहुण्यांचं ऐकावं तसं अदबीनं ऐकलं. स्टेशन बदलताना रेडिओ कुईंऽऽ करून शिट्टी मारू लागला, तशी किकरी वाजवणारा म्हातारा परधान ताठ बसला. किकरी म्हणजे गजानं वाजवायचं तीन तारांचं वाद्य; परधान ती वाजवून गोंडांच्या देवांच्या कथा गातात. म्हातारा म्हणाला, "थांबा! हे कोण वाजवून राह्यलं?"

मी म्हटलं, "बाबा, हे गाणं नोहे. टेसन लागून नाई राह्यलं."

"लागलं नाई काऊन? चांगलं तर लागलं!" असं म्हणून त्यानं गज ओढला आणि त्या शिट्टीला किकरीवर उत्तर दिलं. रेडिओनं पुन्हा शिट्टी मारली. मग ढोल उठले, गुसाडी उठले. त्यानंतर दर दंडारीला साडभाऊ सगळ्या जगाची स्टेशनं सोडून काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधोमध ठेवत.

देवाशीही त्यांचं असंच. गावच्या भगताच्या अंगात आलं की माणसं रांगेनं पाया पडून विचारायची: बैल सापडंल का, पोरगी नांदंल का. मलाही धंद्याचं एक नाजूक विचारायचं होतं. माझ्यापुढं साडभाऊ. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवा, केव्हापासून घुमून राह्यले तुमी. थकले असान. पाणी घेता का?" देव गोंधळला. बहुधा असं त्याला कधी कुणी विचारलं नसावं. तो तांब्याभर पाणी प्याला, खाली बसला, आणि झाडातून, म्हणजे भगताच्या अंगातून, निघून गेला. भगत डोळे चोळत म्हणाला, "कोणाचं राह्यलं का?" माझं राहिलं होतं. ते आजपर्यंत राहिलं आहे.

मग राज्यांची पुनर्रचना निघाली. किनवट तिकडं मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडं तेलुगू राज्यात राहिलो. कचेरीचं काम तेलुगूत होणार आणि मराठी कारकुनांनी मुंबई राज्यात जायचं, अशी यादी लागली. साडभाऊंचा तबादला नांदेडला. दोन दिवस त्यांनी कशाचंच कौतुक केलं नाही. मेहुणी घाबरून आमच्याकडं आली. पाठोपाठ तेही आले आणि खाली मान घालून म्हणाले, "साडभाऊ, मले इथंच राहू द्या, असं कोणाले सांगता येते का?"

रेडिओ सोडला तर या माणसानं माझ्याजवळ स्वतःसाठी काही मागितलेलं ते पहिलंच. मी दुकान बंद केलं आणि त्यांना घेऊन आदिलाबादला मोठ्या साहेबांपुढं उभा राहिलो. गोंडांच्या गावांत फिरणाऱ्या कारकुनाची एक जागा शिल्लक होती. त्यांना व्हरांड्यात बसवून मी आत तासभर बोललो. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला सौदा तो. हा माणूस गोंडी बोलतो, डोंगर पायी फिरतो, याच्यासारखा शोधून मिळणार नाही. साहेब विरघळले. त्यांनी साडभाऊंना आत बोलावलं, टाक दौतीत बुडवला, आणि जाता जाता विचारलं, "बाहर जो दूसरा बैठा है, उसकी भी दरख्वास्त है. कैसा आदमी है?"

साडभाऊ त्याच माणसाशेजारी तासभर बाकावर बसले होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

"हुजूर, हीरा आदमी है! तेलुगू तो उसकी जुबान है, गोंडी भी साफ बोलता है. बूढ़ी माँ को साथ लाया है. और अक्षर, हुजूर! मोती!"

साहेबांनी टाक दुसऱ्या कागदावर नेला.

कचेरीच्या आवारात मी इतका ओरडलो की टांग्याचा घोडा बिथरला. "खोटं नका बोलू, पण गप तरी बसा ना माणसानं!"

"इचारलं त्यायनं," साडभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आन माणूस खरंच चांगला हाये ना, साडभाऊ."

दंडारीच्या तोंडावर ते बसनं गेले. चार दिवसांनी तो म्हातारा परधान माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन बसला आणि म्हणाला, "तुमी त्यायचे सोयरे. तुमी या." मी कधी मालाशिवाय त्या डोंगरात गेलो नव्हतो. गेलो. भर दुपारी गुसाडी नाचले, धूळ मोहाच्या फांद्यांपर्यंत चढली. नाच थांबला तसा म्हातारा घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसला.

"कसं झालं?"

मला कळेना. तो म्हणाला, "ते सांगत होते ना. असं आजवर झालं नाई, म्हणत. दरवर्षी तेच. आमाले मालूम होतं दरवर्षी तेच म्हणतात म्हणून. तरी इचारत होतो."

सगळे माझ्याकडं पाहत होते. टोप उतरवायला उचललेले गुसाड्यांचे हातही तसेच थांबले होते. आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीनं निघालं, "ठीक हाये."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि गजाची दोरी सैल केली.

फार सुंदर झालं होतं. परतताना बैलगाडीत मी ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. गाडीवानानं मागं वळून विचारलं, "काय म्हन्लं, शेठ?"

"काई नाई," मी म्हटलं. "हाक गाडी."