पाळण्यापाशी आत्याचा मान

माझी थोरली मुलगी म्हणाली, "आबा, लिहायचं ते लिहा, पण माझं नाव त्यात घालू नका." मी म्हटलं, तुझं नाही तर कुणाचंच नाही. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, हे मला जमत नाही. तेव्हा या लिखाणात माणसाचं नाव नाही आणि म्हशीचंही नाही. मुलीनं अशी अट का घातली ते पुढे कळेलच. शाळा मी दुसरीपर्यंत केली. मी न केलेल्या खोडीसाठी मास्तरांनी हात पुढं कर म्हटलं, मी केला नाही, घरी निघून आलो तो परत गेलो नाही. मास्तर दोनदा बोलवायला आले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. जोडाक्षरं चुकली असतील तर असू द्या. गोष्ट चुकलेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं घर लोहगडवाडीत, गडाच्या पायथ्याला. आत्यानं लग्न केलं नाही. त्या काळी बाईनं लग्न केलं नाही असं कुणी ऐकलं नव्हतं, पण आमच्या आत्यानं केलं नाही. आज्यानं दोनदा ठरवायला घेतलं. पाहुणे बघायला यायच्या दिवशी ती शेळ्या घेऊन शेजारच्या विसापूर गडाच्या अंगाला चढली, ती पाहुणे जेवून, सुपारी खाऊन, कंटाळून उतरून जाईपर्यंत खाली आली नाही. दुसऱ्या वेळी आज्यानं शेळ्या कोंडून ठेवल्या, तर ती नुसतीच गेली. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

मी मोठा झाल्यावर एकदा धीर करून विचारलं, "आत्या, का गं नको म्हणालीस?"

"मला हितं काय कमी हाय? गड हाय, शेळ्या हायती, भांडायला तुजी आई हाय."

आई चुलीपुढून म्हणाली, "व्हय, आन हरायला बी तुमीच हायसा."

आमच्याकडं बाराव्या दिवशी पोराला पाळण्यात घालतात. बापाची बहीण, म्हणजे पोराची आत्या, त्याच्या कानाला लागून 'कुर्र' करते आणि नाव सांगते. ती वाकली की भोवतीच्या बायका-पोरं तिच्या पाठीत धपाटे घालतात. कशासाठी ते मला ठाऊक नाही. मार खाल्ल्याशिवाय मान नाही, असंच काहीतरी असेल. मग भाऊ तिला मानाचं लुगडं-चोळी देतो. आम्हा चौघा भावंडांची नावं आत्यानंच ठेवली. पैकी माझ्या बारशाला तिनं लुगडं घेतलं नाही. त्याच आठवड्यात गोठ्यात पारडी झाली होती, ती मागितली.

वडील म्हणाले, "अगं, बारशाला कुणी म्हस मागतं का?"

आत्या पाळण्यावर वाकलेली होती, तशीच राहून म्हणाली, "दे न्हाईतर नको दिऊ. नाव अजून माज्याच तोंडात हाय."

वडिलांनी पारडी दिली. मग मला नाव मिळालं.

पारडीलाही तिनं नाव ठेवलं, आणि ते असं देखणं ठेवलं की वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, असलं नाव बाईला शोभंल, म्हशीला कशाला? आत्या म्हणाली, "माजी म्हस तुमच्या सुनंपरीस गुणी हाय." पुढं त्या म्हशीची लेक झाली, लेकीची लेक झाली, पण आत्यानं नाव बदललं नाही. जुनी गेली की नव्या म्हशीला तेच. आणखी एक गोष्ट त्या वंशात उतरली. आत्या चाऱ्याचा भारा घेऊन पुढं चालली की म्हैस मागून यायची आणि कपाळानं तिच्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध, ढुशी द्यायची. आत्या मागं न बघता म्हशीच्या नावानं ओरडायची. दिवसातून दहा वेळा. हे इतकं अंगवळणी पडलं की पाठीत काहीही लागलं तरी तिच्या तोंडून तेच नाव निघायचं.

दही आणि खवा घेऊन ती लोणावळ्याला जायची. उन्हाळ्यात मुंबईचे लोक बंगल्यांत राहायला येत, त्यांना आत्याचं दही फार आवडे. मळवलीपर्यंत उतरून जायचं आणि तिथून गाडी. पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा मी बरोबर होतो. तिनं दह्याचं मडकं बाकड्यावर ठेवलं आणि आपण खाली बसली. मी म्हटलं, वर बस की. म्हणाली, "मडकं फुटतंय. मी फुटत न्हाई." लोणावळ्याला उतरताना गर्दीत कुणाची तरी ट्रंक तिच्या पाठीत लागली. आत्यानं सवयीनं म्हशीला हाक मारली. पुढं चाललेली एक नऊवारी शालू नेसलेली बाई झटकन वळली आणि म्हणाली, "काय गं? तू कशी ओळखतेस मला?" आत्यानं मडकं उचललं आणि चालू लागली. घरी येईपर्यंत मात्र हसत होती.

पुढं माझं लग्न झालं. बायको लोणावळ्याची, सासरे रेल्वेच्या कारखान्यात कामाला. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, आणि दिवाळीनंतर भात झोडणी चालू असताना सासऱ्यांचा निरोप आला की मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही तिकडंच होणार.

मी तसाच खळ्यावर गेलो. आत्या भाताच्या पेंढ्या आपटत होती.

"आत्या, पोरगी झाली. नाव तू ठेवायचं."

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "माजा मान तुमच्या बारशाला हुता, तो मी घेतला. पोरीची आत्या तुजी भन. तिचा मान मी खाऊ व्हय?"

रीतीला धरून बोलली. पण मी गेले दोन महिने तिला बघत होतो. आपली जुन्यातली जुनी, मऊ झालेली लुगडी फाडून तिनं एक दुपटं शिवलं होतं. आणि ताक घुसळताना ती नावं म्हणून बघायची. एक नाव, दोन घुसळण्या, मग नकारार्थी मान. दुसरं नाव, दोन घुसळण्या. मला दिसत नव्हतं का? चार पोरांची नावं ठेवलेली बाई, पाळण्यापाशी उभं राहून दुसऱ्या बायकांसारखी नुसती टाळ्या वाजवणार? स्वतःचं पोर नाही, तिचा जो काही मान घरात होता तो या एका जागी होता. मी ठरवलं, नाव आत्याच ठेवील.

बहीण कामशेतजवळ दिली होती. मी जाऊन तिला सांगितलं.

"बरं दादा," ती म्हणाली, "मग मी कशाला येऊ? घुगऱ्या वाटाया?"

इथं दोन गोड शब्द बोलायला हवे होते. मी म्हटलं, "नको येऊस."

शब्द तोंडातून गेला, आणि गेलेला शब्द परत घ्यायची आमच्या घरात रीत नाही. मी आलो तसा परत निघालो. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी ही गोष्ट आत्याला कळली. मला न सांगता तिनं दुपटं घडी करून काखेत मारलं आणि कामशेतचा रस्ता धरला. तिथं काय झालं ते मला बहिणीनंच पुढं सांगितलं. आत्या उंबऱ्यावर बसली. भाकरी दिली, खाल्ली नाही.

"तू आली न्हाईस तर म्या बी जात न्हाई," म्हणाली. "मग तुजा दादा सोता वाकून कुर्र करंल, आन बाया त्येच्या पाठीत धपाटे घालतील. त्येला घालू देत, त्येची पाठ रिकामीच हाय. पर पोरगी मोठी झाली की तिला लोकं काय म्हणतील?"

बहीण रागात होती, पण हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि तिला हसू फुटलं. आत्यानं मग भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

मी आईला घेऊन लोणावळ्याला पोचलो तो जीव टांगणीला. नाव ठेवायला एकीला मी नको म्हटलेलं, दुसरी कुठं गेली ते ठाऊक नाही. सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "जावईबापू, आत्याबाई येतायत ना?" मी म्हणायचो, येतायत. कुठली आत्या ते सांगत नव्हतो. इतक्यात दोघी एकमेकींच्या हाताला धरून दारात. बहिणीनं माझ्याकडं बघितलंच नाही. मला त्या वेळी ते न बघणंही गोड लागलं.

सासऱ्यांच्या रेल्वे चाळीतल्या खोलीत पाळणा सजवलेला होता. नाव काय ठेवायचं ते सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं, शहरी वळणाचं. बहिणीलाही ते पसंत पडलं. पोरगी पाळण्याच्या खालून वरून फिरली, आत गेली. बहीण पुढं झाली, वाकली, आणि पुन्हा सरळ झाली.

"आत्ती, हिकडं ये. माजं नाव तू ठिवलंस. तू माज्या कानात सांग, मी हिच्या कानात सांगते. मग दोघींचं झालं."

आत्या म्हणाली, "अगं, अशी रीत न्हाई."

"न्हाई तर न्हाई. ये."

आत्या लाजली. मी आत्याला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पदर सावरून ती बहिणीच्या कानाला लागली. आता चाळीतली पोरं म्हणजे काय सांगू, दहा-पंधरा तरी असतील, आणि त्यांना आयत्या दोन पाठी मिळाल्या. धपाधप सुरू झालं. त्यात सासूबाईंची एक धिप्पाड भाची होती. तिनं दोन्ही हात जोडून जो दणका दिला तो आत्याच्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध.

आत्या ओरडली. डोंगरावर ओरडावं तसं ओरडली. म्हशीचं नाव.

बहिणीच्या कानठळ्या बसल्या. त्याच झोकात ती पाळण्यावर वाकली, 'कुर्र' केलं आणि ऐकलं तेच पोरीच्या कानात सांगून मोकळी झाली. सांगून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"अगंबाई!" सासूबाई खूश झाल्या. "आपण ठरवलेल्यापेक्षा हे किती गोड आहे!" चाळीतल्या बायकाही म्हणाल्या, छान, छान. आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सगळेच गप्प राहिलो असतो तर निभावून गेलं असतं. पण माझी बायको खाटेवरून खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, ते आमच्या म्हशीचं नाव आहे."

सासूबाई गर्रकन वळल्या.

"म्हशीचं?"

आत्याचा चेहरा उतरला. "चुकलं माजं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. "दुसरं ठिवा. माज्या तोंडाला वळणच न्हाई. मी म्हणतच हुते, हिचा मान हिलाच घिऊ दे." आणि ती पाळण्यापासून मागं सरायला लागली.

मी म्हटलं, "ठेवलं ते ठेवलं."

"जावईबापू, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"कानात गेलं. आता काढायचं कसं?"

सासूबाईंनी मुलीकडं बघितलं. बायको म्हणाली, "मी दिवस गेल्यापासून त्याच म्हशीचं दूध प्यायलेय. सकाळी अंगणात गेले की ती मलासुद्धा ढुशी द्यायची. आणि आत्यांनी म्हशीला चांगलं नाव ठेवलं, हा काय नावाचा दोष? मला आवडलंय. मघाशी तुलाही आवडलं होतं."

सासरे दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्याकडं इंजिनाला नुसता नंबर असतो. हिला नाव तरी आहे. वाटा घुगऱ्या."

मग जे हसणं सुरू झालं ते शेजारच्या दोन खोल्यांपर्यंत गेलं. बहिणीनं आत्याला धरून परत पाळण्यापाशी आणलं, दोरी तिच्या हातात दिली. आत्यानं दुपटं पोरीवर पांघरलं आणि झोका दिला. भाचीला जवळ बोलावून म्हणाली, "हात हाय का मुसळ गं तुजा?" आणि पहिल्या घुगऱ्या तिच्याच ओंजळीत घातल्या.

मानाचं लुगडं मी एकच आणलं होतं. आत्यानं ते घेऊन बहिणीच्या अंगावर टाकलं.

"आन तुला?" मी विचारलं.

"मला काय नगं. नाव जिचं घेतलं तिला द्या."

बाजारात जाऊन मी पितळी घंटा घेतली, म्हशीच्या गळ्यात बांधायची. दुकानदारानं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, बारशाचा आहेर. त्यानं वर बघितलं आणि घंटा कागदात बांधून दिली. स्टेशनवर मी बहिणीचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं. माझं चुकलं असं काही मी म्हटलं नाही. तिला ते बोचक्यावरून कळलं असावं, कारण ती म्हणाली, "दादा, संक्रांतीला ये. पाणी दीन."

मुलगी चालायला लागली तशी आत्याच्या मागं मागं फिरायला लागली. म्हशीचं बघून तीही शिकली. पळत यायची आणि आत्याच्या पाठीत डोकं घालायची. तिची उंची ती काय, डोकं कमरेलाच लागायचं. आत्या मागं न बघता ओरडायची. मी बांधावर बसून बघायचो. पुढं भारा घेतलेली आत्या, तिच्यामागं पोरगी, पोरीमागं म्हैस. आत्यानं एकदा हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. एक तोंडानं, एक घंटेनं.