धाकटीचे कण

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, कारण तिची सख्खी धाकटी बहीण तिथेच वरच्या मजल्यावर संशोधक होती. धाकटी औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण बनवायची आणि ते मोजायला खाली ताईच्या यंत्राकडे यायचे. कौतुक मात्र वरच्या मजल्यावरच थांबायचं.

ताईचं काम नाजूक. काचेच्या चौकोनी नळीत पाण्यात मिसळलेले कण घ्यायचे आणि त्यातून लेझरचा प्रकाश सोडायचा. बारीक कण पाण्यात भराभर थरथरतात, मोठे संथ. विखुरलेला प्रकाशही तसाच लुकलुकतो आणि त्यावरून यंत्र आकार सांगतं. मग वीज लावून कण किती वेगानं सरकतात ते पाहायचं, की त्यांच्यावरचा विद्युतभार कळतो. भार भरपूर असला तर कण एकमेकांना दूर ढकलतात. कमी पडला तर त्यांचे गोळे होतात.

एकदा धाकटीचे नवे कण आले. पडद्यावर एकच उंच, सडपातळ शिखर उमटलं. सगळे कण एका मापाचे, भारही भक्कम. ताईच्या पोटात दुखायला लागलं. तिनं धाकटीला सांगून टाकलं, "नळीत धूळ असेल. पुन्हा बघते."

धूळ नव्हती. मग तिनं नळ्या बदलल्या. खारट पाण्यात कण टाकले, कारण मिठानं भल्याभल्यांचे गोळे होतात. यांचे झाले नाहीत. गरम करून पाहिलं, कपाटात ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं. खोट काही निघेना. धाकटी जिन्यात भेटली की ताई हसून विचारायची, "कसं चाललंय?" आणि खाली येऊन पुन्हा नळी लावायची.

मग धाकटीचं काम पाहायला बाहेरून परीक्षक आले. त्यातले एक गृहस्थ फारच खवट. "शुद्ध पाण्यात कुणाचेही कण टिकतात. खारट पाण्यात पाहिलंत? साठवल्यावर?"

धाकटीनं मागच्या रांगेत बसलेल्या ताईकडे पाहिलं. ताईला उठावंच लागलं. तिनं एकेक आलेख दाखवला. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "इतकं कसून कुणी तपासत नाही हो." धाकटीचं काम मंजूर झालं.

घरी आईला ही हकिगत कळली. "बहीण असावी तर अशी!" ती म्हणाली. जेवण झाल्यावर भांडी विसळताना ताईनं धाकटीला सांगून टाकलं, "मी ते तुझ्यासाठी नव्हतं केलं. तू कुठेतरी चुकावीस म्हणून केलं."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"शाळेत माझी गणितं तू अशीच तपासायचीस. तुझ्या तपासणीतून सुटलं की ते बरोबरच असायचं." धाकटीनं ताट पुसून ठेवलं. "म्हणून तर सगळं तुझ्याकडेच पाठवते. बाकीचे माझं तोंड बघून हो म्हणतात."

ताईला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. एवढं मोठं मन, तेही हिच्याच वाट्याला यावं! तिचा नुसता जळफळाट झाला.

"पुढचे कण कधी देतेस?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"दे. बघतेच."