बुधवाऱ्यातल्या घराची कुंडी

“साहेब, खाली पोकळ आहे,” रामदास मिस्त्री म्हणाला आणि हातोडीच्या दांड्याने त्याने दगडावर पुन्हा ठोकलं. ढब्ब! मी हातातला जुना खरेदीखताचा कागद परत वाचला. ‘पूरब की दीवार मय कुंडी इसी मकान की.’ म्हणजे पूर्वेची भिंत, कुंडीसकट, याच घराची. आणि आम्ही परसात उभे होतो ते बरोब्बर पूर्वेच्या भिंतीला लागून. हे निघायला नको होतं.

कारण घर मला आवडलं होतं. तीस वर्षांपासून मी valuer आहे. बँक घरावर कर्ज देते, त्याआधी माझ्यासारख्या इंजिनिअरला पाठवते. घराची किंमत काय आणि ते अजून किती वर्षं उभं राहील, हे मी लिहून द्यायचं. या वर्षांना residual life म्हणतात, घराचं उरलेलं आयुष्य. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी निघालं की बँक हात वर करते.

घर बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात, भर बाजारात. चपट्या विटा, चुन्यातलं बांधकाम, दीड हात जाड भिंती, सागवानी खांब. मी ओळंबा सोडला, म्हणजे दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का ते पाहिलं. दोरी भिंतीला वरपासून खालपर्यंत समांतर. इथल्याच लालबागला मी स्वतः उभं राहून बांधलेल्या घराला पाच वर्षांत तडे गेलेत, ते जाऊ द्या.

घरात राहतात प्रतिभाताई महाजन. शाळेत शिकवतात, निवृत्तीला आठ वर्षं बाकी, एकट्याच असतात. घराचा अर्धा हिस्सा इंदूरच्या धाकट्या भावाचा. त्याला एक बिल्डर भेटला होता, त्या बिल्डरला घर पाडून दुकानं काढायची होती. भावाने बहिणीला निर्वाणीचं सांगितलं होतं, शनिवारपर्यंत माझा हिस्सा तू घे, नाहीतर दोघं मिळून बिल्डरला देऊन टाकू. ताईंनी बँकेत अर्ज केला. आता सगळं माझ्या रिपोर्टवर अडलं होतं.

आणि रिपोर्टच्या वाटेत ही कुंडी आली. बाहेरच्यांसाठी सांगतो. बुऱ्हाणपुरात जमिनीखालून पाणी आणायची फार जुनी सोय आहे. खाली भुयारासारखी वाट आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारखी उभी तोंडं. त्या तोंडांना इथे कुंडी म्हणतात. शहराखाली तिचे फाटे कुठे कुठे गेलेत, याच्या गप्पा प्रत्येक पानठेल्यावर ऐकायला मिळतात. मी जवळच्या नेपानगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो, बुऱ्हाणपूर मागाहून शिकलो. म्हणून मला या गोष्टींचा जास्तच अभिमान.

दगड उचलून पाहायला हवा होता. पण त्याच्यावर सिमेंटची पाण्याची टाकी. ती रिकामी करा, चार माणसं बोलवा, अर्धा दिवस गेला. तेवढ्यात बँकेचे मॅनेजर दुबेजी यांचा फोन. “सर, रिपोर्ट आज ही चाहिए. पार्टी को Saturday तक पैसा देना है, मेरे पास भी टाइम नहीं है.”

मी ताईंना विचारलं, “ही कुंडी बंद कधी केली?”

“कुंडी? आमच्या घरात?” ताईंचा चेहरा उतरला. “अगं बाई! म्हणूनच आई ओरडायची, परसात उड्या मारू नका म्हणून.”

झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. पोरांना परसात उड्या मारू नका असं जगातली कुठलीही आई सांगते, हे तेव्हा सुचलं नाही. संध्याकाळी रिपोर्ट गेला. ‘परसाखाली जुनी कुंडी. जमीन खचण्याचा धोका. Residual life सांगता येत नाही.’ तो सोमवार होता. मंगळवारी कर्ज नामंजूर झालं.

बुधवारी दुपारी दुबेजींचा परत फोन. माणूस सागर शहरचा, बदलीवर नवा आलेला. “सर, फाइल बंद कर रहा हूँ, पर एक बात समझ नहीं आई. कागज़ में दीवार मय कुंडी लिखा है. दीवार में कुआँ कैसे होगा? हमारे यहाँ तो कुंडी दरवाज़े में लगती है.”

“दुबेजी, आप बुरहानपुर में नए हैं,” मी तोऱ्यात म्हणालो आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण घास गिळेना. बायको म्हणाली, “जेवा ना नीट. पाय काय हलवताय सारखे?” मी ताटावरून उठलो, परत बसलो, परत उठलो. मय कुंडी. परस मय कुंडी नव्हतं लिहिलेलं, दीवार मय कुंडी होतं. कागद हिंदीतला. आपण मराठीत दाराला कडी लावतो, हिंदीत तिलाच कुंडी म्हणतात. आयुष्य हिंदी मुलखात गेलं आणि हे मला सागरच्या माणसाने सांगावं? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. रामदासला फोन केला, स्कूटर काढली आणि ऊन न बघता बुधवारा गाठला.

ताईंच्या घरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. मी दारातूनच विचारलं, “ताई, पूर्वेच्या भिंतीत कधी दार होतं का?”

“होतं काय, आहे की. कपाटामागे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

रामदासने आणि मी कपाट ओढलं. वह्यांचे गठ्ठे, लोणच्याच्या बरण्या, सगळं हललं. मागे बुटकं सागवानी दार आणि त्याच्यावर हाताएवढी जाड लोखंडी कुंडी, साखळीसकट. गंजलेली. रामदासने दोन टोले दिले, मी जोर लावून ओढलं, दार करकरत आत आलं आणि समोर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर! ओट्यापाशी नसीमभाभी हातात लाटणं घेऊन थिजलेल्या.

“हाय अल्ला! साहब, दस्तक तो देते!”

“माफ करो, भाभी. ये दरवाज़ा आपकी तरफ से बंद नहीं होता?”

“कैसे होगा? कुंडी तो इनकी तरफ है. जिसकी तरफ कुंडी, उसकी दीवार. हमारी सास भी यही कहती थीं.”

बुधवाऱ्यातला हा जुना रिवाज. दोन घरांमध्ये एकच भिंत असली की दाराची कुंडी मालकाच्या बाजूला लावायची. कागद लिहिणाऱ्याने तेच नोंदवलं होतं आणि मी त्यातून विहीर खणली होती. एवढी जाड भिंत एकट्या याच घराची, म्हणजे किंमतही वाढली.

मग टाकी रिकामी केली, गल्लीतली चार माणसं बोलावली, दगड उचलला. खाली तीन फुटी खड्डा, राख आणि फुटक्या कपबशा.

“न्हाणीच्या पाण्याचा जुना खड्डा आहे हा,” रामदास म्हणाला. “सोमवारीच उचलायला पाहिजे होता, साहेब.”

“मग सोमवारी बोलला का नाहीस?”

“तुम्ही कुठे ऐकू राहिले होते?”

गुरुवारी सकाळी मी बँकेत. सुधारित रिपोर्टमध्ये एक कॉलम असतो, बदलाचं कारण. मी लिहिलं, ‘मूल्यांककाने दगड न उचलता अंदाज लिहिला व शब्दाचा अर्थ चुकवला.’ दुबेजी हादरले. “सर, ऐसा मत लिखिए. Additional inspection लिख दीजिए. ऊपर वाले पूछेंगे.”

“पूछने दो,” मी म्हणालो. वरच्यांनी खरंच विचारलं. सहा महिने बँकेच्या पॅनलवरून, म्हणजे valuer लोकांच्या यादीतून, माझं नाव काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कर्ज शुक्रवारी मंजूर झालं आणि शनिवारी भावाने निमूट सही केली.

रविवारी मी ताईंकडे गेलो, माफी मागायला. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, “सोमवारपासून दोन रात्री मी बाहेर ओट्यावर झोपले, साहेब. या घरात जन्मले, आई याच घरात गेली, आणि तुमच्या एका ओळीने मला माझ्याच घराची भीती वाटायला लागली. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, आयुष्यभर खड्ड्यावर राहिलीस. मला ते पटलं हो. विकायला हो म्हणणार होते मी. हे तुमच्या कुठल्या कॉलममध्ये बसतं?”

चहा तसाच निवला.

आता मी कुठेही गेलो की आधी घरच्यांजवळ बसतो, त्यांना बोलू देतो आणि मोजायची टेप नंतर काढतो. वेळ जास्त लागतो. मॅनेजर लोक फोनवर ओरडतात. ओरडू देत.