कलाजंगानंतरची वाट

राज्य स्पर्धेत मी दुसऱ्यांदा पहिली आले, तेव्हा आमच्या गावात, डिंगोऱ्यात, ट्रॅक्टरवरून माझी मिरवणूक निघाली होती. पण कुस्ती म्हटलं की मला आठवते ती त्यानंतरची, जत्रेच्या आखाड्यातली दुपार.

समोर खोडद गावची मुलगी होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं शेलाटी, पण लई चपळ. ती माझे पाय धरायला पटात शिरली आणि मी तिला कलाजंगावर घेतलं. खांद्यावर उचलायचं आणि पाठीवर टाकायचं, हा माझा हुकमी डाव. चीत होऊ नये म्हणून ती हवेतच वळली आणि डोक्यावर आपटली. तिची मान कटकन वाजली. हलगीच्या गजरात तुला कसं ऐकू आलं, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. पण मला ऐकू आलं होतं.

पंचांनी माझा हात वर केला. माणसं टाळ्या वाजवत होती. ती उठेना.

मी खाली बसले. तिचे डोळे उघडे होते, ओठांना माती लागली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मला पाय कळंना."

"कुणी हलवू नका तिला!" माझे वस्ताद धावत आले. अॅम्ब्युलन्स आल्यावर तिला फळीवर घेतलं. वस्ताद मला म्हणाले, "तू बस हितं. दोन्ही हातांनी डोकं धर. अजिबात हलू द्यायचं न्हाई."

नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत मी ते डोकं धरून होते. गतिरोधक आला की मी कोपरं फळीवर घट्ट रोवायचे. माझ्याच हातांची मला भीती वाटत होती.

"ताई, तुमचं हात का कापत्यात?"

"थंडी वाजतीय," मी म्हणाले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

तिचे वडील मोटरसायकलवरून दवाखान्यात आले. त्यांनी विचारलं, "समोर कोण व्हतं?" मी उभी राहिले. ते माझ्याच बाकड्यावर येऊन बसले. त्यांनी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर सांगून गेले, "हाड जागेवर आहे, मज्जारज्जूला धक्का बसलाय. वाट बघावी लागेल." किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी अजून आखाड्यातल्याच कपड्यांत होते. मातीसकट.

दिवस मावळायला आला तेव्हा वडील आतून धडपडत बाहेर आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"पायाचा अंगठा हलवला तिनं," ते म्हणाले. "डावा."

मी तिथंच फरशीवर बसून रडले.

तीन महिने ती मानेला पट्टा लावून होती, मग चालायला लागली. पुढच्या निवड चाचणीत मी एकीला खांद्यावर उचललं आणि अलगद खाली ठेवलं. गुणांवर हरले. वस्तादांनी विचारलं, "तिला का सोडलंस गं?"

"भ्या वाटलं," मी म्हणाले. ते रागावले नाहीत.

आता मी मुलींना शिकवते. पहिला महिनाभर फक्त पडायला शिकवते. त्या कंटाळतात, मागून हसतात. खोडदची ती पुन्हा आखाड्यात उतरली आहे. तिच्या कुस्तीला मी जाते, पण तिला कुणी उचललं की मला बघवत नाही. मी मातीकडं बघत बसते आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारते, "उठली का?"