तिच्या मनगटाच्या मापाचं घड्याळ

कवळीमास्तरांना खरं नाव होतं, पण पोस्टमनखेरीज ते कोणी घेत नसे. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. रस्त्यात कोणी हसलं की मास्तर आधी दात ओळखत, मग माणूस. अर्ध्या गल्लीच्या तोंडात त्यांचंच काम होतं, त्यामुळे त्यांना तोंड वर करून बोलायची कोणाची टाप नव्हती. बायको तेवढी बोले, कारण तिचे दात स्वतःचे होते.

अशा माणसाने घड्याळ करायला घेतलं तेही तिच्यामुळेच. एका बड्या दुकानाच्या काचेत तिला एक मनगटी घड्याळ दिसलं. पांढरी तबकडी, निळे काटे, बाकी काही नाही. किंमत वाचून तिला हसूच आलं, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "मी करतो तुला."

"दात करणारे तुम्ही! चावेल मला ते घड्याळ," ती म्हणाली. पण घरी आल्यावर तिने गुपचूप हात पुढे केला.

पट्टीने मोजलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण कवळी करणाऱ्याला साचा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मास्तरांनी तिचा डावा हात गुलाबी लगद्यात बुडवला, लगदा घट्ट झाल्यावर सोडवला आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी हात निघाला. मनगटाचं हाड, पंजावरच्या शिरा, करंगळीचं वाकडं नख, सगळं जिथल्या तिथे.

"अहो, झाकून ठेवा तो," ती म्हणाली. "मेल्यासारखा दिसतोय."

मास्तरांनी झाकला, पण काम सोडलं नाही. घड्याळाची केस त्यांनी कवळीच्या सांगाड्यासाठी वापरतात त्याच धातूची ओतली आणि मागची बाजू प्लास्टरच्या मनगटावर तंतोतंत बसेपर्यंत घासली. आतलं यंत्र टपालाने मागवलं. हात हलला की त्याला आपोआप किल्ली मिळायची. नुसतं पडून राहिलं तर ते चाळीस तासांत बंद पडायचं. तबकडी केली ती दातांच्या चिनी मातीची. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची पट्टी बायकोच्या ओठांशी धरून, तिच्या पुढच्या दाताशी जुळली ती छटा त्यांनी घेतली. भट्टीत तबकडी तीनदा तडकली. चौथी भट्टीत असताना बायको बाजारातून येताना जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर दम खायला बसली, ती उठलीच नाही.

चौथी तबकडी मात्र बिनतड्याची निघाली.

महिन्याभराने घड्याळ पुरं झालं. मास्तरांनी ते प्लास्टरच्या हातावर चढवलं, पट्टा दुसऱ्या छिद्रात अडकवला आणि हात बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर उभा केला. चाळीस तासांनी बंद पडेल, मग डबीत घालून टाकायचं, एवढाच निरोप द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी घड्याळ चालू होतं. पाचव्या दिवशीही. आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते हातात घेतलं, तर मागची बाजू कोमट लागली आणि बक्कल एक छिद्र सैल झालेलं दिसलं. बायकोला मनगटावर काही घट्ट चालत नसे. "काचतं," म्हणायची.

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाठोपाठ आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली.

घरात दुसरं माणूस एकच, लेक. ती नर्स होती, रात्रपाळीची. सकाळी येऊन स्वयंपाक करायची आणि अकरा ते पाच मेल्यागत झोपायची. घराच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तिच्या उशाशी, एक मास्तरांच्या खिशात. पूर्वी मास्तर दोन वाजता कवळ्यांच्या लॅबमधून जेवायला घरी येत आणि जेवणं झाली की बायको भांडी घासायला बसे. आता दोन वाजताचं ते घर त्यांना सोसत नव्हतं. लेक झोपली की ते डबा भरत, भांडी घासून पालथी घालत आणि लॅबमध्येच जेवत. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. उगाच जिवाला लावून घेईल.

संशय लेकीवरच जायला हवा होता, पण मास्तरांनी तो जाऊ दिला नाही. रोज संध्याकाळी सैल झालेलं बक्कल ते पुन्हा दुसऱ्या छिद्रात अडकवत. असे पंधरा दिवस गेले. मग मात्र राहवेना. कवळी कुठे टोचते हे बघायला रोग्याला निळा कागद चावायला देतात. दाब पडेल तिथे डाग उठतो. मास्तरांनी तो कागद घड्याळाच्या पाठीला चोळला आणि कामावर गेले.

संध्याकाळी लेकीने चहा पुढे केला तेव्हा तिची बाही वर सरकली. डाव्या मनगटावर निळी चंद्रकोर होती.

म्हणजे बायको नव्हतीच. ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मास्तरांना.

"घड्याळ तू घालतेस?" त्यांनी विचारलं. आवाज नको तितका कडक निघाला.

"मी कुठे? तुम्हीच घालता की," लेक म्हणाली. "दुपारी जेवायला येता तेव्हा. मी उठते तर माझ्या हातात असतं. पहिल्यांदा दचकले होते हो बाबा. मग म्हटलं, तुम्हाला बोलून दाखवता येत नाही, म्हणून घालून जाता. मग मीच काढून जागेवर ठेवते."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"परवा मला अर्धवट जाग होती. तुम्ही माझं मनगट धरून बसला होतात. लहानपणी तापात आई बसायची ना, तसंच. मी मुद्दाम डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर तुम्ही उठून गेला असतात."

परवा दोन वाजता मास्तर एका कवळीवरून दोन डॉक्टरांशी कडाकडा भांडत होते.

"हात गार होते का गं माझे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. ओले होते. नुकतीच भांडी घासल्यासारखे." तिचा चेहरा जरा उतरला. "बाबा, तुम्हीच होतात ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "मीच. दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला ते हातातलं काम टाकून निघाले. एकदाच बघायचं होतं. बोलायचं नव्हतं, काही विचारायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. जिना चढून त्यांनी कुलपात किल्ली घातली. आत स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागलं. भांडी तर त्यांनी सकाळीच घासून पालथी घातली होती.

किल्ली फिरवायला एक क्षण पुरला असता. पण डोळे उघडले असते तर तुम्ही उठून गेला असतात, हे लेकीचं वाक्य त्यांच्या कानात होतं.

मास्तरांनी किल्ली आवाज न करता काढून घेतली. जिना उतरून ते सगळ्यात खालच्या पायरीवर, बायको बसली होती तिथेच, तीन वाजेपर्यंत बसून राहिले आणि मग लॅबमध्ये गेले. दुपारी ते पुन्हा कधीच घरी आले नाहीत.

संध्याकाळी घड्याळ चालू होतं आणि बक्कल एक छिद्र सैल होतं. मास्तरांनी ते तसंच राहू दिलं.