गादीखालची फ्रेंच कादंबरी

अडीचशे वर्षांपूर्वीची ती फ्रेंच कादंबरी मराठीत आणायला मला पाच वर्षं लागली. चारचौघांत देवाधर्माचं अवडंबर माजवणारा एक सरदार बंद दाराआड काय काय करतो, त्याची ती काळीकुट्ट गोष्ट. तिकडच्या सरकारनं तिच्या प्रती भर चौकात जाळल्या होत्या. कोल्हापुरात तेवढी तसदी कुणाला घ्यावी लागली नाही. मी ज्या वाचनालयात नोकरी करते तिथले अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक, यांनी वाचकसभेत माझं पुस्तक दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "ही घाण हितं न्हाय ठेवायची. बाईमाणसानं असलं लिवायचं असतंय व्हय?" तेही एक पान न उघडता. सभा हसली. पुस्तक कुलपाच्या कपाटात गेलं. मी घरी येऊन रडले नाही; त्यांना शिव्याशाप दिले, आणि मनापासून दिले.

आठवड्यानं अध्यक्षसाहेब एकटेच आले. "तपासायला न्हेतो," म्हणाले. "नोंद मातर करा, बाई." नोंद त्यांना हवीच होती. वर्षात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला आमच्याकडे वर्धापनदिनी फेटा बांधतात, आणि तो मान सलग सहा वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता. एका पुस्तकावरही पाणी सोडायची त्यांची तयारी नव्हती. मी नोंद केली. पुढं चार वेळा मुदत वाढवून दिली, गोड बोलून.

फेट्याआधी त्या वाचकाच्या पुस्तकांची यादी वाचायची पद्धत आहे. एरवी दहाबारा नावांत आटोपतं घेतात. त्या वर्षी मी माईक मागून घेतला आणि अख्खी यादी वाचली. माझ्या कादंबरीशी आल्यावर आवाज चढवला: नाव, चार वेळा मुदतवाढ, अद्याप परत नाही. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "गादीखाली हाय की ते." हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. फेटा बांधून घेताना साहेबांचे कान लालभडक झाले होते. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी शिपायाहाती पुस्तक परत आलं. समासात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: इथं वाक्य लंगडतं, हा शब्द बोथट, इथं लिहिताना बाई घाबरल्या. एकूण एक शेरा बरोबर होता. इतकं मन लावून माझं पुस्तक दुसऱ्या कुणीच वाचलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत मी त्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या, आणि आभाराच्या पानावर शिपायाचंसुद्धा नाव घातलं. साहेबांचं घातलं नाही.